आईची अर्धी कादंबरी आणि काकांचा वन्स मोअर

मागच्या आठवड्यात धरमपेठेतल्या आमच्या जुन्या नाट्यमंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. काकांना ऐंशी वर्षं पूर्ण होताहेत, मंडळ त्यांचा सत्कार करणार आहे, त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे. "ताई, तुम्ही घरच्या. लहानपणच्या गोड आठवणी लिहून द्या ना. पहिली पुस्तकं, पहिलं संगीत नाटक, असं काहीतरी." मी हो म्हटलं. माणूस ऐंशीचा झाला की त्याच्याबद्दल गोडच लिहायचं असतं, एवढं मलाही कळतं.

पण तो पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. स्मरणिकेत काकांची लांबलचक मुलाखत आहे म्हणाला. तिच्यात त्यांनी त्या गाजलेल्या प्रयोगाची हकीकत सांगितली आहे. तिसऱ्या अंकातल्या पदावर प्रेक्षक असे काही लट्टू झाले की वन्स मोअरवर वन्स मोअर देत सुटले, आणि रसिकांच्या प्रेमापोटी गाता गाता गायकाचा गळाच थांबला. "असे रसिक आता कुठं राहिले, ताई?" पोरगा सुस्कारा टाकून म्हणाला.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. नंतर मात्र डोकं तापलं. ज्या संध्याकाळी या माणसाची भर मांडवात जिरली, त्याच संध्याकाळचा त्याने स्वतःसाठी हार करून घेतला होता! त्या रसिकांची पुढारी मी होते. तेव्हा मी पाचवीत होते, दोन वेण्या घालत होते आणि माझ्या पोटात राग मावत नव्हता. पोराने गोड आठवणी मागितल्या आहेत, त्या देते. मला तरी त्या अजून गोड लागतात.

आम्ही 'काकांच्या घरात' राहायचो, असं म्हणायची पद्धत होती. घराला वडिलांचाही हातभार लागला होता, पण नाव लागलं ते काकांचं. कारण पक्की नोकरी त्यांची, पदवी त्यांची, आणि रोज घरी असणारेही तेच. माझे वडील थोरले असले तरी स्वभावाने गरीब. शेतीपंपांच्या दुरुस्तीसाठी ते काटोल-नरखेडच्या गावांमधून फिरायचे आणि रविवारपुरते घरी यायचे. आई तिकडचीच, नरखेड तालुक्यातली. तिच्या भावांना शाळेत घातलं आणि तिला बागेतल्या संत्र्यांच्या पेट्या भरायला बसवलं. लग्नानंतर वडिलांनी तिला सही शिकवली होती. ती सही ती फार जपून, जीभ दाताखाली धरून करायची. त्यापलीकडे अक्षराशी तिची ओळख नव्हती.

काका म्हणजे मंडळाचे नायक. गोरे, उंच, भांग नीट पाडलेला, आणि आवाज खरोखरच चांगला. ऑफिसातून आले की चहा घेऊन पुढच्या खोलीत पेटी काढून बसायचे. त्यांच्या रियाजाच्या वेळी घरात कुकरची शिट्टी होता कामा नये, असा नियम होता. कुकर नाही, मिक्सर नाही, नळाखाली बादली नाही. आई डाळ धुऊन, कणीक मळून तयार ठेवायची आणि काकांची शेवटची तान संपायची वाट पाहायची. मधला तो सगळा वेळ तिचं काम अडकलेलं आणि कान मोकळे. या नियमामुळेच आमचं पुढचं सगळं घडलं, आणि नियम काकांनीच केला होता, हे मला फार आवडतं.

माझं पहिलं पुस्तक मी पाचवीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात वाचलं. मागच्या गल्लीत वाचनालय होतं, तिथे काकांच्या नावाचं सभासदत्व होतं. सुटीत मी डोकं खाते म्हणून त्यांनीच मला तिकडे पाठवलं. 'माझ्या नावावर एक आण आणि गप्प बस.' मी आणलं ते दीपगृहात राहणाऱ्या एका मुलाचं पुस्तक होतं. नागपुरात जन्मलेल्या मुलीने समुद्र कुठे पाहिलेला असणार? मी अंबाझरी तलावाच्या मधोमध एक पाण्याची टाकी उभी केली, तिच्या डोक्यावर दिवा लावला आणि त्या मुलाला तिथे राहायला पाठवलं. कूलरसमोर पालथं पडून वाचलं. अजून कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की मला ते पुस्तक आठवतं. वादळात दिवा विझतो तिथे मी रडले, शेवटी बोट किनाऱ्याला लागते तिथे परत रडले, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिले.

मला वाचायला यायचं ते मोठ्यानेच. शाळेत तसंच शिकवलं होतं, मनातल्या मनात वाचणं ही पुढची पायरी होती. त्यामुळे मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून वाचत असले की आईच्या कानावर पडायचं. एके दिवशी मी पाणी प्यायला उठले तर ती म्हणाली, "थांबली काहून वं? मंग काय झालं त्या पोट्ट्याचं?"

त्या दिवसापासून मी आईसाठी वाचायला लागले. आधी लहान मुलांची पुस्तकं, मग वाचनालयातल्या माणसाला 'काकांसाठी पाहिजे' असं सांगून एक जाड कादंबरी आणली. मुखपृष्ठावर बैलगाडी हाकणारी बाई होती, म्हणून उचलली. सासरच्या जाचाला कंटाळून एक बाई रात्रीत गाडी जुंपते, तालुक्याच्या गावी येते आणि खानावळ घालते. खानावळ चालायला लागते तसा नवऱ्याला तिचा पत्ता लागतो आणि सासरचे तिच्यावर सोन्याच्या चोरीची फिर्याद लावतात. काका पुढच्या खोलीत 'आ' लावत असायचे आणि आतल्या खोलीत दार लोटून आम्ही दोघी त्या खानावळीत असायचो. मी दबक्या आवाजात वाचायची, आई दुसऱ्या दिवशीची डाळ निवडायची. निवडून झालेली डाळ ती पुन्हा ताटात पसरायची, म्हणजे उठायला नको. मला ते कळायचं.

आईसारखा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही. ती त्या बाईशी भांडायची. "इतकं तिखट टाकू नोको वं भाजीत, गिऱ्हाईक पयून जाईन!" तिच्या नवऱ्याला शिव्या घालायची. कधी मी ओळ गाळली तर तिला बरोबर समजायचं. दिवसभर ती घरात कमी बोलायची, कारण तिच्या बोलण्याची काका नक्कल करायचे. 'मले', 'तुले', 'जाऊन राहिली' असं ती बोलली की मंडळाच्या लोकांसमोर ते तसंच म्हणून दाखवायचे आणि सगळे हसायचे. तीही हसायची. ते हसणं मला तेव्हाही आवडत नसे.

कादंबरीतला खटला उभा राहिला. ती बाई पिंजऱ्यात आहे, कोर्ट भरलं आहे, न्यायाधीश विचारतो, सोनं तू नेलंस का? आणि ती तोंड उघडणार इतक्यात प्रकरण संपलं. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. मी पान उलटलं आणि आईच्या तोंडून मोठ्याने निघालं, "अवं माय, आता काय सांगन ते!"

पुढच्या खोलीतली तान मध्येच तुटली.

काका आत आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग आईच्या ताटातल्या स्वच्छ डाळीकडे. पुस्तक माझ्या हातातून घेतलं. आई उठून उभी राहिली होती, पदर सावरत.

"हे चाललंय का रोज? मी तिकडे घसा फोडतोय आणि इकडे कादंबरीवाचन!"

आई म्हणाली, "भाऊजी, दोनच पानं राह्यली आहेत. तेवढी वाचू द्या तिले, मंग घेऊन जा."

तिने त्यांच्याकडे काही मागितल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. काका हसले. रागावले असते तर मी विसरलेही असते कदाचित. पण ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय कळतं त्यातलं? 'मले-तुले' करणाऱ्यांसाठी कादंबऱ्या लिहीत नाही कुणी."

आणि तशीच चप्पल घालून ते वाचनालयात गेले, पुस्तक परत केलं आणि या पोरीला माझ्या नावावर पुस्तक द्यायचं नाही असं सांगून आले. आईने कुकर लावला. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले. तिथल्या माणसाने मान हलवली. नुसती तिथेच उभी राहून शेवट वाचते म्हटलं, तर म्हणाला, "काकांना विचारून ये." वर्गातल्या एका मैत्रिणीला तिच्या वडिलांच्या नावावर आणायला सांगितलं, तोवर ती कादंबरी दुसऱ्या कुणीतरी नेली आणि ती परत आलीच नाही. आई काही दिवस विचारत राहिली. भांडी घासताना, केस विंचरताना मध्येच थांबून म्हणायची, "काय सांगतलं असन वं तिनं?" मी काहीतरी रचून सांगितलं तर तिला पटायचं नाही. "नाही, ते तशी नाही बोलनार." मग हळूहळू तिने विचारणं सोडलं. ती विचारायची तेव्हा मला वाईट वाटायचं. तिने सोडलं तेव्हा मात्र मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. पाचवीतली मुलगी करणार काय? त्यांच्या चहात मीठ टाकावं, पेटीच्या पट्ट्यांमध्ये डिंक ओतावा, असे पुष्कळ बेत मी केले आणि भिऊन सोडले. मला वाट पाहावी लागली. पण काकांनी स्वतःच्या हाताने मला हत्यार आणून दिलं.

शारदोत्सव जवळ आला. मंडळ नवं संगीत नाटक बसवत होतं आणि काका त्यात राजपुत्र होते. आता वन्स मोअरची एक गंमत सांगायला हवी. संगीत नाटकात पद रंगलं की लोक वन्स मोअर म्हणतात आणि नट झुकून नमस्कार करून ते पद पुन्हा म्हणतो. नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं की एकतर नट माजलेला किंवा त्याचा दम संपलेला, असं लोक समजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर चर्चा असते ती कुणाला किती वन्स मोअर मिळाले याची. असली महत्त्वाची गोष्ट काका नशिबावर कशी सोडतील? त्यांनी गल्लीतली पोरं ठरवून ठेवली. त्यांना संत्रा बर्फी कबूल केली. आणि पोरांना इशारा करायला समजदार, घरचं माणूस हवं म्हणून माझी नेमणूक केली.

मला समोर बसवून त्यांनी नीट समजावलं. "पहिल्या अंकात मी उद्यानात येतो, ते पद. ते संपलं की तू हात वर करायचा. तुझा हात दिसला की पोरं ओरडतील. फक्त ते पद. कळलं?"

मला फार चांगलं कळलं. ते पद साधं होतं, गळ्याला कुठेच धोका नव्हता, ते पहाटे उठवलं तरी म्हणू शकले असते. आणि फक्त तेच का, हेही मला ठाऊक होतं. तिसऱ्या अंकातलं वनवासाला निघण्याचं पद सगळ्यात अवघड होतं. त्यात शेवटी एक तान सरळ वर चढत जायची. लोटलेल्या दारामागून आई आणि मी महिनाभर ती ऐकत होतो. काका एका बैठकीत ती एकदाच घ्यायचे. दुसऱ्यांदा घ्यायला गेले की आवाज पत्र्यावर खडा ओढल्यासारखा व्हायचा, मग ते पेटी बंद करून ज्येष्ठमध तोंडात टाकायचे. मंडळातल्या कुणाला ही गोष्ट माहीत नव्हती. कुकरची शिट्टी बंद करून त्यांनी ती आम्हा दोघींना मात्र रोज ऐकवली होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी मांडवात सतरंज्या टाकल्या होत्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष आणि पुढे आम्ही पोरं. आई बायकांत मागे, खांबाशी बसली होती. तिचंही ते पहिलंच नाटक. मी रागाने भरलेली गेले होते, पण खरं सांगते, पडदा सरकला आणि मी सगळं विसरले. ऑर्गनचा पहिला सूर छातीतच शिरला. अत्तराचा, रंगाचा, नव्या कापडाचा वास पुढपर्यंत येत होता. पुठ्ठ्याच्या झाडांवर निळा उजेड पडला तेव्हा ती झाडं हलताहेत असं मला वाटलं. नांदीला सगळी पात्रं ओळीने उभी राहून गायली आणि माझ्या अंगावर काटा आला. माणसं बोलता बोलता गायला लागतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही, हे मला इतकं आवडलं की पुढचे काही महिने मी शाळेत उत्तरंसुद्धा चालीत द्यायची आणि मार खायची.

आणि काका सुरेख गात होते. तेच मला सहन होत नव्हतं. ते उद्यानात आले, पद म्हटलं, संपवलं आणि माझ्याकडे एक नजर टाकून थांबले. मी त्यांच्याकडे पाहत हात मांडीखाली घेऊन बसले. शेजारचा पोरगा म्हणाला, "अबे, हेच न?" मी म्हटलं, "हे नाही. मी सांगते तेव्हा." टाळ्या पडल्या, वन्स मोअर पडला नाही. काका ओशाळून पुढच्या वाक्याकडे वळले.

तेवढ्यावर मी थांबलेही असते. खरंच थांबले असते. वन्स मोअर हुकला, एवढं पुरे होतं. पण मग तिसरा अंक आला. राजपुत्र वनवासाला निघालाय आणि म्हाताऱ्या आईच्या पायाशी बसून गातोय. पदाचा अर्थ असा, की आई, तुझ्या मनातलं सगळं ऐकून घेतल्याशिवाय माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मी मागे वळून पाहिलं. खांबाशी माझी आई बसली होती, तोंड जरासं उघडं, कादंबरी ऐकताना असायचं तसं. ज्या माणसाने तिला दोन प्रकरणं ऐकू दिली नाहीत, तो तिच्यासमोर बसून आईचं सगळं ऐकून घेतो म्हणून गात होता, आणि ती त्याला ऐकत होती.

तान वर चढली, टोकाला पोचली, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हात वर केला.

"वन्स मोअर!" पोरं किंचाळली. बर्फीसाठी ती केव्हाची खोळंबली होती. मोठी माणसंही त्यांच्यात मिसळली, कारण पद खरंच रंगलं होतं. काकांनी मला पाहिलं. माझा हात अजून वरच होता. त्यांना वाटलं असेल, पोरगी चुकली. पण आता उपाय नव्हता. त्यांनी झुकून नमस्कार केला आणि पुन्हा म्हटलं. तान आली ती जराशी खालून, घासत. आम्ही परत हात वर केला. आम्ही म्हणजे मी. पोरांना आता चेव चढला होता, त्यांना नट पुन्हा गातो हीच गंमत वाटत होती. ऑर्गनवाल्याने काकांकडे पाहिलं, काकांनी डोळ्यांनी 'चल' म्हटलं. याखेरीज ते काय करणार होते? या वेळी तान अर्ध्या वाटेवर गेली आणि तिथे आवाज फाटला. पुढे नुसती हवा. राजपुत्र तोंड उघडं ठेवून बसलेला, त्याच्या मुकुटाची झालर हलतेय, आणि आवाज नाही.

मांडव एकदम गप्प झाला. एक पोरगं फिसकन हसलं. आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूने, खांबाजवळून, माझ्या आईचा आवाज आला. खणखणीत, न लाजता, तिच्या स्वतःच्या बोलीत.

"आनखी एक डाव म्हना नं जी, भाऊजी!"

मग मात्र सगळा मांडव हसला. पडदा ओढावा लागला. पुढच्या प्रयोगाला राजपुत्र दुसरा कुणी होता.

दुसरा दिवस रविवार होता, वडील घरी होते. काकांनी ऑर्गनवाल्याला दोष दिला, त्याने पट्टी चढी लावली म्हणे. मग थंडीला दिला. मग मला गाठलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पहिल्या अंकातलं पद सांगितलं होतं ना तुला?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "ओळखता नाही आलं, काका. 'मले-तुले' करणाऱ्यांना काय कळतं पदातलं?"

त्यांचा हात वर गेला. वडिलांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "काय झालं?" आता काका काय सांगणार? मी वन्स मोअर ठरवून घेतले होते आणि पोरीने ते चुकीच्या पदाला दिले, हे सांगणार? हात खाली आला. काका गुळण्या करायला गेले. तो मोरीतला घरघराट मला कुठल्याही पदापेक्षा गोड वाटला, आणि आजही वाटतो. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. वाटायला हवं असं पुष्कळ लोक सांगतील, त्यांनी स्वतःचे काका सांभाळावेत.

पुढे काही महिने रियाज बंद होता. संध्याकाळी आई कुकर लावायची आणि पाहिजे तेवढ्या शिट्ट्या होऊ द्यायची. पण वाचनालय मला उघडलं नाही, आणि ती कादंबरी अर्धीच राहिली. राहून राहून एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. आई त्या दिवशी मांडवात बोलली ती का? तिला खरोखर पुन्हा ऐकायचं होतं, की? विचारायचा मला धीर झाला नाही. इतकी साधी बाई, तिला खरंच गाणं आवडलं असेल, असं मी समजत आले. सूड माझा एकटीचा होता, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

मी नोकरीला लागले, वडील गेले, आई माझ्याकडे राहायला आली. एकदा सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडली होती, त्यात ती बैलगाडीवाली बाई दिसली. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. मी तिथेच उभी राहून शेवटची दोन प्रकरणं वाचली आणि लेखकाचाही राग आला. ती बाई कोर्टात रडते, चूक कबूल करते, नवरा तिला माफ करतो आणि खानावळ बंद करून ती त्याच्या मागोमाग घरी जाते. एवढ्यासाठी माझ्या आईने ती डाळ पुन्हा पुन्हा निवडली होती! तरी पुस्तक घेतलं. शेवट कसाही असो, तो तिचा होता.

घरी आले तर आई मेथी निवडत बसली होती. मी पुस्तक दाखवलं. मुखपृष्ठावर हात फिरवून तिने गाडी ओळखली.

"वाचू? दोनच प्रकरणं आहेत."

"राहू दे वं," ती म्हणाली. "म्या तवाच पुरी केली."

"काय पुरी केलीस?"

"गोष्ट. दुसरं काय? तुह्या काकाच्या नाटकाच्या आधीच झालती पुरी. सांगू तुले?"

आणि देठं खुडता खुडता ती सांगायला लागली. जजने विचारलं, सोनं तू नेलं काय. बाई म्हणाली, माह्यं सोनं म्या नेलं, तुमच्या बापाचं काय गेलं? जज हसला, त्याने तिला सोडून दिलं. तिने खानावळ वाढवली, दोन बाया कामाला ठेवल्या, एक बैल म्हातारा झाला म्हणून नवा घेतला. नवऱ्याने येऊन जेवायला मागितलं तर तिने त्याला ताट वाढलं आणि जेवण झाल्यावर जायला सांगितलं.

"अन् तिचा तो दीर," आई म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "थो उभा राह्यला तिच्या इरोधात साक्ष द्याले. लय शुद्ध बोले. साऱ्या कोर्टानं ऐकावं म्हून मोठ्यानं बोलून राह्यला होता. अन् बोलता बोलता त्याचा गळाच बसला. तोंड उघडे, पन आवाज नाही. सारे लोक हासले त्याले."

मी पुस्तक चाळत म्हटलं, "पण आई, यात दीर नाहीच गं. तिचा नवरा एकुलता एक आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठेच दीर नाही."

आईने मेथीची जुडी झटकली.

"मले काय माहीत नाही? म्या आनला त्याले," ती म्हणाली. "शिक्षा कोनाले देऊ मंग?"